खानदान मोठं आहे, आपा

दहावीचे अर्ज भरण्याचे दिवस आले की आमच्या शाळेच्या कार्यालयाबाहेर पालकांची रांग लागते. कुणाचे आधार कार्डावरचे नाव जनरल रजिस्टरशी जुळत नाही, कुणाच्या जन्मतारखेत घोळ, कुणी फोटोच आणलेला नाही. यंदा त्या रांगेत एक गृहस्थ असे होते की ज्यांना अर्ज भरायचाच नव्हता. त्यांना पुतणीचा दाखला काढून न्यायचा होता. मुलगी आमच्याच वर्गातली, पहिल्या पाचात येणारी. मराठीचे निबंध असे लिहिते की आम्ही ते दुसऱ्या तुकडीत वाचून दाखवतो.

"रिश्ता आला आहे, आपा," ते म्हणाले. "खानदान मोठं आहे. निजामाच्या वेळची जहागिरी होती त्यांची. अशी घरं आपल्या दारात रोज येत नाहीत."

आम्ही वय काढले. सोळावे लागायचे आहे. कायदा सांगितला. त्यावर ते घाईने म्हणाले की आता फक्त मंगनी, निकाह अठरा पूर्ण झाल्यावर. मग दाखला कशाला? ते जरा वेळ गप्प राहिले. त्या घराला सुनेने शाळा-कॉलेजच्या वाटेने जाणे पसंत नाही, एवढेच बोलले.

गृहस्थ वाईट नाहीत हे आधीच सांगून ठेवतो. भावाच्या इंतकालानंतर या मुलीला आणि तिच्या दोन भावांना त्यांनीच वाढवले आहे. मोंढ्यावर हमाली करून तीन यतीम लेकरे सांभाळणाऱ्या माणसाला मोठ्या घराचे नाव ऐकून हायसे वाटले, तर त्याला नावे ठेवणारे आपण कोण? आम्ही चहा मागवला, त्यांना बसवले आणि आमच्या खोडीप्रमाणे इतिहास सांगायला लागलो. कार्यालयात तो अर्धाच झाला. येथे वाचकांना पुरा सांगतो.

आधी एक गंमत. आमच्या मुदखेडात, भोकरमध्ये, उमरीत कुणाही लहान पोराला विचारा, निलोफर म्हणजे काय? तो सांगेल, दवाखाना. लेकरू फार आजारी पडले, नांदेडच्या डॉक्टरांनी हात टेकले की घरात एकच वाक्य निघते, "निलोफरला न्या." आमच्या नानी सांगत, मामूंना तीन वर्षांचे असताना असेच रातोरात रेल्वेने हैदराबादला नेले होते. अम्मीच्या तोंडी तर तो वाक्प्रचारच झाला होता. निलोफरला नेले, म्हणजे जिवावर बेतले. पण निलोफर नावाची एक बाई होती, आणि तिच्या लग्नाच्या वेळी ती आमच्या दहावीच्या मुलींएवढी होती, हे आम्हालाही बी.एड. झाल्यावरच कळले.

तिची आणि तिच्या बहिणीची, म्हणजे नात्याने लांबच्या बहिणीची, ही गोष्ट आहे. खानदान मोठे म्हणजे किती मोठे, ते पाहा. थोरलीचे नाव दुर्रेशहवार, जन्म २६ जानेवारी १९१४, इस्तंबूल. वालिद अब्दुल मजीद दुसरे, उस्मानी घराण्यातले शेवटचे खलीफा. हे खलीफा हौशी चित्रकार होते, पियानोच्या मैफलीचे चित्र काढणारे. धाकटीचे नाव निलोफर, जन्म ४ जानेवारी १९१६. तिची आई सुलतान मुराद पाचवे यांची नात. वडील ती दोन वर्षांची असतानाच गेले. म्हणजे तीही यतीमच. नावांचे अर्थही ऐका. दुर्रेशहवार म्हणजे बादशहाला शोभावा असा मोती. निलोफर म्हणजे पाण्यातले कमळ. हा फारसी शब्द संस्कृतातल्या नीलोत्पलावरून गेला आहे, हे आम्ही वर्गात मराठी आणि उर्दू दोन्ही तासांना सांगतो आणि दोन्हीकडे मुलींचे डोळे सारखेच मोठे होतात.

३ मार्च १९२४ रोजी तुर्कस्तानच्या नव्या सरकारने खिलाफत बरखास्त केली आणि सगळ्या घराण्याला देश सोडायला लावला. दोलमाबाहचे महालातून खलीफांना रात्रीच बाहेर काढले. गर्दी जमू नये म्हणून शहराच्या मोठ्या स्टेशनाऐवजी बाहेरच्या चतालजा नावाच्या स्टेशनावरून आगगाडीत बसवले. दुर्रेशहवार तेव्हा दहा वर्षांची होती. आधी स्वित्झर्लंड, मग फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचे नीस शहर. निलोफरची विधवा आईही मुलीला घेऊन तिथेच येऊन राहिली. खानदान सहाशे वर्षांचे, पण महिन्याचा खर्च भागवायला हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान तीनशे पौंड पाठवत, त्यावर खलीफांचे घर चाले.

त्याच निजामांच्या दोन मुलांशी या दोघींचे निकाह झाले, नीसमध्येच, १२ नोव्हेंबर १९३१ रोजी. थोरला आझम जाह, मूळ नाव हिमायत अली खान. मुदखेडहून आदिलाबादच्या गाडीत बसलो की भोकरच्या पुढे हिमायतनगर लागते ना, त्यातला 'हिमायत' तोच. हैदराबादचा हिमायतसागर तलाव तर त्याच्याच नावाचा. धाकटा मोअज्जम जाह. त्याच्या नावाचा मोअज्जमजाही मार्केट आपल्यापैकी कितीजणांनी पाहिला असेल. नवरदेव चोविशीच्या आसपास. दुर्रेशहवार सतरा वर्षांची. निलोफरला सोळावे लागायचे होते.

हे वय सांगितले तेव्हा समोर बसलेल्या गृहस्थांनी चहाचा कप खाली ठेवला.

या रिश्त्यात कुणाला काय हवे होते? निजामांकडे पैसा जगात कुणाकडे नसेल एवढा होता. त्यांना खलीफांच्या घराची सोयरीक हवी होती. खलीफांना परागंदा घराला आधार हवा होता. मध्यस्थ होते मौलाना शौकत अली. खिलाफत चळवळीत त्यांनी उभे आयुष्य घातले होते, आणि या लग्नातून उद्या एखादा असा वारस येईल की ज्याच्यात दोन्ही घराण्यांचा मान एकत्र होईल, असे त्यांना वाटत होते. दिल्लीतले इंग्रज साहेब याच गोष्टीला भीत होते. प्रत्येकाचा हिशेब होता. मुलींचा हिशेब कुठे लिहिलेला आम्हाला सापडला नाही.

मेहरची कथा चरित्रकार देतात ती अशी. खलीफांनी मुलीसाठी पन्नास हजार पौंड मेहर मागितले. निजाम हिशेबाचे पक्के. त्यांना रक्कम जास्त वाटली. मग मौलानांनी तोड काढली की एवढ्याच मेहरमध्ये धाकट्या साहेबजाद्यासाठीही घराण्यातली मुलगी मिळेल. कथा तंतोतंत अशीच घडली असेल किंवा सांगणाऱ्यांनी ती थोडी रंगवली असेल. पण वाचताना मनात काटा येतो. मेहर हा मुलीचा हक्क, तिच्या मानाची रक्कम. इथे त्याची घासाघीस झाली आणि पारडे समतोल करायला एक पंधरा वर्षांची पोर वरून टाकली गेली. आपल्याकडे मेहर हजाराच्या खाली लिहून जहेजची यादी चार पानी करतात, तो वेगळा विषय. त्यावर या सदरात पूर्वी बोललो आहोत आणि पुन्हा बोलू.

सोयरीक जोडून राज्ये सांभाळायची रीत काही निजामांनी काढली नाही. आपल्याच मातीत अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाने लेक चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशाहाला दिली, तेव्हा सोलापूरचा किल्ला जहेजमध्ये गेला. अलीची बहीण उलट अहमदनगरात सून म्हणून आली. म्हणजे साटेलोटेच. १५६५ च्या मोठ्या लढाईत ही दोन्ही घरे विजयनगरविरुद्ध एकत्र लढली खरी. पण लढाई संपली आणि त्याच सोलापूरसाठी पुन्हा तलवारी निघाल्या. पुढे भातवडीच्या लढाईनंतर मलिक अंबरने सोलापूर परत घेतले. जहेजचा किल्ला टिकला नाही. टिकले ते चांदबीबीचे नाव, तेही सून म्हणून नव्हे. १५८० मध्ये विधवा झालेल्या या बाईने १५९५-९६ च्या वेढ्यात अकबराच्या मुलाला, शहजादा मुरादला, अहमदनगरच्या तटावरून थोपवले म्हणून.

साहेबलोकांकडेही हेच होते. राणी व्हिक्टोरियाने लेकी-नाती युरोपभरच्या राजघराण्यांत दिल्या. १९१४ चे महायुद्ध पेटले तेव्हा इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आणि जर्मनीचा कैसर आतेभाऊ-मामेभाऊ होते आणि रशियाची झारीण व्हिक्टोरियाचीच नात होती. तोफा थांबल्या नाहीत. १९१७ मध्ये झारचे तख्त गेले, तेव्हा त्याला सहकुटुंब इंग्लंडात आसरा देण्याची गोष्ट निघाली होती. ती मागे घेतली गेली, खुद्द जॉर्जच्या मनात नव्हते म्हणून. झार त्याचा सख्खा मावसभाऊ. दोघे शेजारी उभे राहिले तर ओळखू येऊ नयेत इतके सारखे दिसत. पुढच्या वर्षी झार, झारीण आणि त्यांच्या पाचही लेकरांना तळघरात गोळ्या घातल्या. रक्ताचे नाते एवढ्या कामाला आले.

आपल्या शहजाद्यांकडे येऊ. नीसहून निघालेल्या दोन्ही जोडप्यांचा प्रवास 'पिल्सना' नावाच्या बोटीने झाला. लंडनच्या गोलमेज परिषदेहून रिकाम्या हाताने परतणारे गांधीजी त्याच बोटीवर होते. डिसेंबरच्या शेवटी बोट मुंबईला लागली. एका बोटीवर खलीफांची मुलगी, निजामांचा वारस आणि पंचा नेसलेला महात्मा. हे चित्र आम्हाला फार आवडते.

हैदराबादेत निजामांच्या जनानखान्यात कडक पडदा होता. या दोघी चेहरा उघडा ठेवून सासरी आल्या आणि तशाच राहिल्या, सासऱ्यांच्या संमतीने. दुर्रेशहवार उंच, कमी बोलणारी, सरळ नजरेची. तुर्की, फ्रेंच, इंग्रजी तिला येतच होती. इथे येऊन ती उर्दू शिकली, आणि शिकली म्हणजे भाषणे करण्याइतकी. मुलींची शाळा, दवाखाने, समारंभ, सगळीकडे तिला बोलावणे जाई. पुरानी हवेलीत तिच्या नावाचा मुला-बायकांचा दवाखाना आजही चालतो.

१९३६ मध्ये तिला मिळालेला किताब मात्र आम्हा मराठी माणसांच्या फार जवळचा आहे. इंग्रजांशी करार होऊन आझम जाह 'प्रिन्स ऑफ बेरार' झाला, आणि ही 'प्रिन्सेस ऑफ बेरार'. बेरार म्हणजे आपले वऱ्हाड. हिमायतनगरच्या पुढे पैनगंगा ओलांडली की सुरू होते ते. इंग्लंडच्या युवराजाला जसा प्रिन्स ऑफ वेल्स म्हणतात तशी ही नक्कल. आता या किताबाची आतली गोष्ट पाहा. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होते. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने ते वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने लिहून घेतले आणि पुढे मध्य प्रांताला जोडून टाकले. म्हणजे आमची वऱ्हाडची शहजादी अमरावतीत एका तलाठ्याची बदली करू शकत नव्हती. पण १९३७ मध्ये सहाव्या जॉर्जच्या राज्यारोहणाला हे जोडपे लंडनला गेले, तेव्हा याच नावाने गेले. राज्य नसलेल्या खलीफाची मुलगी, हातात नसलेल्या प्रांताची राणी. आम्ही हे सांगितले तेव्हा गृहस्थ हसले आणि म्हणाले, "आमच्या इथल्या जहागीरदारांसारखंच झालं की हे."

आम्ही म्हणालो, हेच म्हणतोय, चाचा.

इंग्रजांच्या राजघराण्याशी निजामांचे संबंध किती जवळचे होते? त्यांच्या किताबातच 'इंग्रज सरकारचा विश्वासू दोस्त' असे शब्द होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथचे लग्न झाले तेव्हा निजामांनी कळवले की लंडनच्या कार्तिये पेढीतून हवा तो दागिना निवडा, पैसे आम्ही देऊ. तिने हिऱ्यांचा हार आणि मुकुट निवडला. मुकुट तिने पुढे मोडून दुसरा घडवला. हार मात्र जपला, आणि आता नातसूनही तो घालते. त्या लग्नाला पुरते दहा महिने झाले नव्हते तेव्हा सप्टेंबर १९४८ आला. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. सतरा सप्टेंबरला आपण दरवर्षी शाळेत झेंडा लावतो. लंडनहून त्या हाराबद्दल आभाराचे पत्र आले असेल. मदतीला कुणी आले नाही.

आता दोघींच्या संसाराचे. दुर्रेशहवारला दोन मुलगे झाले, मुकर्रम जाह १९३३ मध्ये आणि मुफ्फखम जाह १९३९ मध्ये. नवऱ्याशी तिचे जमले नाही. निजामांचाही थोरल्या मुलावर भरवसा राहिला नाही. १९५४ मध्ये त्यांनी त्याला वगळून नातवाला वारस नेमले. मौलाना शौकत अलींच्या मनातला वारस आला खरा, पण तोवर ना तख्त उरले ना खिलाफत. तो २०२३ मध्ये इस्तंबूलला वारला आणि हैदराबादच्या मक्का मशिदीत दफन झाला.

निलोफरला मूल झाले नाही. तिने फ्रान्सच्या डॉक्टरांपर्यंत इलाज केले. ज्या घरात सून वारसासाठी आणलेली असते तिथे अशा बाईचे दिवस कसे जात असतील, ते आपल्या गल्लीतल्या बायकांना सांगायला नको. वर्तमानपत्रे तिच्या सौंदर्याबद्दल लिहीत. मुंबईच्या कारागिरांनी भरतकाम केलेल्या तिच्या साड्या आज न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात आहेत. १९४८ मध्ये नवऱ्याने दुसरा निकाह केला. १९५२ मध्ये तलाक झाला. ती आईकडे फ्रान्सला निघून गेली.

पण त्याच्या आधी तिच्या घरी काम करणारी, तिच्या फार जवळची एक मुलगी बाळंतपणात दगावली. हैदराबाद शहरात, शहजादीच्या मोलकरणीची ही गत, तर मुदखेड-भोकरच्या बायांचे काय होत असेल? निलोफरने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. बाळंतपण म्हणजे काय हे तिला ठाऊक होते. तिने सासऱ्यांकडे हट्ट धरला की बायका आणि लेकरांसाठी वेगळा दवाखाना हवा. १९५३ मध्ये तो सुरू झाला तेव्हा ती या घराची सून राहिलेली नव्हती. नाव तिचेच राहिले. जिला स्वतःचे मूल नव्हते तिच्या नावाच्या इमारतीत आमचे मामू वाचले.

खलीफांचे काय झाले तेही सांगतो, कारण ती गोष्ट मराठवाड्यातच येऊन थांबते. २३ ऑगस्ट १९४४ रोजी त्यांचा पॅरिसमध्ये इंतकाल झाला. त्यांना इस्तंबूलच्या मातीत जागा मिळावी म्हणून दुर्रेशहवारने तुर्कस्तानच्या राज्यकर्त्यांकडे पुन्हा पुन्हा विनवणी केली. नकार आला. मय्यत दहा वर्षे पॅरिसच्या मशिदीत ठेवून राहिली. शेवटी १९५४ मध्ये मदिनेत दफन झाले. निजामांनी त्यांच्यासाठी आपल्या खुलताबादजवळ एक मकबरा बांधवून ठेवला होता. खुलताबादला सहल जाते तेव्हा मुली बुरहानुद्दीन गरीबांच्या दर्ग्यावर जातात, औरंगजेबाची साधी मातीची कबर पाहतात. या मकबऱ्याकडे कुणी नेत नाही, कारण आत पाहण्यासारखे काही नाही. तो रिकामा आहे. निलोफर १९८९ मध्ये पॅरिसला गेली, तिथेच तिची कबर आहे. दुर्रेशहवार २००६ मध्ये लंडनला, बिऱ्याण्णव वर्षांची होऊन. तिची कबर इंग्लंडात ब्रुकवूडला आहे. एक घराणे आणि कबरी तीन देशांत.

मोठ्या घरात मुलगी देऊच नये असे आम्ही त्या गृहस्थांना म्हणालो नाही. दुर्रेशहवारने जे केले त्यातले पुष्कळ तिच्या हातून झाले कारण ती त्या जागी होती. आम्ही एवढेच विचारले की त्या घरात जहागिरीतले आता नेमके काय आहे? त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, एक पडका वाडा आणि कोर्टातला दावा. मुलगा काय करतो? दुकानावर बसतो. दुकान कुणाचे? मामांचे. मग मुलीच्या हातात काय राहील, चाचा? यावर ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर फुलांच्या टोपल्या घेऊन रिक्षा स्टेशनकडे चालल्या होत्या.

त्या दिवशी त्यांनी दाखला नेला नाही. "त्यांच्याशी बोलतो, मार्चपर्यंत थांबतात का बघतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मुलीने अर्ज भरला, फोटोही आणला, नव्या ओढणीतला.

अर्ज देताना तिने विचारले, "आपा, निलोफर कितवीपर्यंत शिकली होती?" घरातली गोष्ट घरात पोहोचली होती तर. आम्ही सांगितले, शिक्षक घरी येत, फ्रेंच आली, संगीत आले.

"म्हणजे बोर्डाची परीक्षा नाही दिली?"

"नाही."

ती हसली आणि पावती घेऊन वर्गात गेली. पलीकडच्या घराचा निरोप हे लिहीपर्यंत आलेला नाही.